खान्देशातून मुंबईला कामासाठी जाताना: लोकल धरण्याआधी काय ठरवायचं, पुढे काय करायचं

परळचं हॉस्पिटल, मंत्रालय, हायकोर्ट, परीक्षेचं केंद्र नाहीतर विमानतळ. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मुंबईला जाणाऱ्या बहुतेकांचं काम यातलंच एखादं असतं आणि ते एका दिवसात उरकून रात्रीच्या गाडीने परतायचं असतं. रात्रभर प्रवास करून माणूस पहाटे कल्याणला किंवा दादरला बरोबर उतरतो. घोळ होतो तो त्यापुढच्या दोन तासांत: उलट्या दिशेची लोकल, आपल्या स्टेशनावर न थांबणारी जलद गाडी, नको त्या बाजूला बाहेर पडणं, चुकून फर्स्ट क्लासमध्ये चढल्याचा दंड. यातल्या बऱ्याच चुका घरूनच टाळता येतात, म्हणून इथे तयारीवर जास्त लिहिलं आहे.

टप्पा १: पत्त्यावरून आधी स्टेशन काढा

"टाटाला जायचंय" एवढंच माहीत असून भागत नाही. जिथे पोहोचायचं तिथून उलटं मोजत मागे या आणि चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. जवळचं स्टेशन कोणतं? ते कोणत्या लाईनवर? बाहेर पडायचं पूर्वेला की पश्चिमेला? आणि तिथे जलद लोकल थांबते का?

लाईनी मुख्यतः तीन. मध्य रेल्वे सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी) दादर, ठाणे, कल्याणपर्यंत जाते, कल्याणला तिचे दोन फाटे होतात: एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जत-खोपोलीकडे. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून दादर, अंधेरी, बोरिवली, विरार करत डहाणूपर्यंत. हार्बर सीएसएमटीहून निघून वडाळ्याला फुटते, एक फाटा कुर्ला-वाशी-पनवेलला, दुसरा वांद्रे-अंधेरी-गोरेगावला. याशिवाय ठाण्याहून थेट वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर आहे. नवी मुंबईत काम असेल तर कल्याणहून ठाण्याला या आणि तिथेच गाडी बदला, मुंबईत आत शिरायची गरजच नाही.

आपल्याकडच्या लोकांना वारंवार लागणारी ठिकाणं अशी. टाटा मेमोरियल आणि केईएम, दोन्ही परळला, मध्य रेल्वे, पूर्वेला बाहेर पडायचं. पश्चिम रेल्वेने येणाऱ्याने प्रभादेवीला उतरून पादचारी पुलाने परळ स्टेशनाच्या पूर्वेला यायचं (प्रभादेवीचं २०१८ पर्यंतचं नाव एल्फिन्स्टन रोड, जुने लोक अजून तेच सांगतात). जे. जे. साठी भायखळा, नायरसाठी मुंबई सेंट्रल, सायन हॉस्पिटलसाठी सायन. हायकोर्टाला सीएसएमटी किंवा चर्चगेट, मंत्रालयाला चर्चगेट किंवा मेट्रोचं विधान भवन.

पाचोऱ्याहून टाटाला निघालेल्या माणसाच्या खिशात अशी चिठ्ठी असावी:

टाटा हॉस्पिटल. स्टेशन परळ, मध्य रेल्वे, पूर्व बाजू. जलद थांबत नाही. एक्सप्रेस दादरला थांबत नसेल तर कल्याणहून जलदने दादर, दादरहून सीएसएमटीकडे जाणारी धिमी, पहिलंच स्टेशन परळ.

ही चिठ्ठी पेशंटच्या आणि सोबतच्या माणसाच्या, दोघांच्याही खिशात हवी.

तपासा: मुंबईतल्या नातेवाइकाला फोन करून "जवळचं स्टेशन कोणतं आणि पूर्व की पश्चिम" असं विचारलं का? नुसतं "कसं यायचं" विचारलं तर तो त्याच्या घरून जायचा रस्ता सांगतो. तुम्हाला तो कल्याणपासून किंवा दादरपासून हवा आहे.

टप्पा २: लांबच्या गाडीतून कुठे उतरायचं ते आधीच ठरवा

भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावकडून नाशिकमार्गे येणारी गाडी कल्याण, ठाणे, दादर करत सीएसएमटीला किंवा कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला जाते. प्रत्येक गाडी या सगळ्या स्टेशनांवर थांबत नाही, त्यामुळे आपल्या गाडीचे थांबे तिकीट काढतानाच पाहून ठेवा. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडून सुरतमार्गे येणाऱ्याला बोरिवली, वांद्रे टर्मिनस किंवा पश्चिम रेल्वेचं दादर सोयीचं.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कल्याण आलं की डब्यातली निम्मी माणसं उतरतात, म्हणून आपणही उतरायचं. तसं करू नका. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा या भागात काम असेल तरच कल्याण. मुलुंड, भांडुप, घाटकोपर किंवा नवी मुंबईसाठी ठाणे. त्यापुढचं सगळं दादरहून. एक्सप्रेस दादरला थांबत असेल तर बसल्या जागेवर दादरपर्यंत या, कारण सकाळी आठ ते अकरा या वेळात कल्याणहून मुंबईकडे जाणाऱ्या जलद लोकलमध्ये पिशवी घेऊन चढणं फार अवघड.

सोबत पेशंट असेल तर माझं मत अगदी पक्कं आहे: लोकलचा मोह सोडा. दादरला उतरा आणि टॅक्सीने परळला जा. अंतर थोडं आहे, पैसे फार लागत नाहीत आणि पेशंटला जिना-पुलाची चढउतार कमी होते. एल्फिन्स्टनचा वाहनांचा पूल सप्टेंबर २०२५ पासून बंद आहे, म्हणून दादरच्या पूर्वेलाच बाहेर पडून टॅक्सी धरा. पश्चिमेला पडलात तर वळसा बसेल.

धुळे, शिरपूरकडून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येणाऱ्यांनी क्लीनरला नीट सांगून ठेवायचं. आग्रा रोडने आलेली गाडी ठाण्याच्या नाक्यावर अंधारात उतरवते आणि तिथून ठाणे स्टेशन पायी जाण्यासारखं नसतं, रिक्षा लागते. ठाण्याहून सुटणाऱ्या धिम्या लोकल भरपूर आहेत. तिथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळण्याची शक्यता मोठी, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना ही गाडी उत्तम.

सावधान: एक्सप्रेसचं तिकीट आहे म्हणून त्यावर लोकलने पुढे फिरू नका. लोकलचं तिकीट वेगळं काढा. सेकंड क्लासचं भाडं ५ रुपयांपासून सुरू होतं आणि विनातिकीट सापडलात तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड बसतो.

टप्पा ३: तिकीट, फोन, सामान

लोकलचं तिकीट खिडकीवर, स्टेशनातल्या तिकीट मशीनवर किंवा रेल्वेच्या ॲपवर मिळतं. मशीनजवळ बऱ्याचदा तिकीट काढून देणारा माणूस बसलेला असतो आणि तिथली रांग खिडकीपेक्षा लवकर सरकते. ॲप वापरणार असाल तर ते घरीच उतरवून, नाव-नंबर नोंदवून, त्यात थोडे पैसे भरून ठेवा. कल्याणच्या पुलावर उभं राहून ओटीपीची वाट पाहणं नको. ॲपचं कागद नसलेलं तिकीट प्लॅटफॉर्मवर किंवा गाडीत उभं राहून काढता येत नाही, स्टेशनात शिरण्याआधीच काढावं लागतं. फोन बंद पडला तर तिकीट दाखवता येत नाही आणि दंड भरावा लागतो, म्हणून रात्री गाडीतच फोन पूर्ण चार्ज करून घ्या. सोबत सुटे पैसेही असू द्या.

तिकीट काढलं की लगेच प्रवास सुरू करायचा. सकाळी काढलेलं जायचं तिकीट दुपारी चालत नाही.

दोघं-तिघं एकत्र असाल तर प्रत्येकाचं तिकीट वेगळं काढा, गर्दीत ताटातूट झाली की एकाच तिकिटावर तिघांचा प्रवास अडकतो. ताटातूट झाल्यावर काय करायचं हेही आधीच ठरवून ठेवा. मागे राहिलेल्याने त्याच प्लॅटफॉर्मवर थांबायचं, पुढे गेलेल्याने पुढच्या स्टेशनावर उतरून परत यायचं. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले तर दोन तास गेलेच म्हणून समजा.

फोनमध्ये एम-इंडिकेटर हे ॲप घालून ठेवा. लोकलचं वेळापत्रक त्यात नेटशिवायही दिसतं.

सामानाचं मात्र मनावर घ्या. बहिणीकडे भरताची वांगी, केळीचा फणा, दाळीची पिशवी द्यायची असते हे खरं, पण ते सगळं घेऊन सकाळी नऊच्या लोकलमध्ये चढता येत नाही. एकतर दुपारी बारानंतर जा, नाहीतर सामान मावेल अशा टॅक्सीने जा. लोकलसाठी एक पाठीवरची पिशवी पुरे, आणि गाडीत शिरताना तीही पोटाशी घ्यायची. हॉस्पिटलची फाईल पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवा, हातात धरू नका. गर्दीत पहिली सुटते ती हातातली वस्तू.

टप्पा ४: इंडिकेटर नीट वाचा

प्लॅटफॉर्मवर आलात की आलेल्या गाडीकडे धाव घेऊ नका. आधी इंडिकेटर बघा. त्यावर गाडी कुठे जाणार, किती वाजता, जलद की धिमी आणि किती डब्यांची, हे सगळं असतं. गावाचं नाव पुष्कळदा एक-दोन इंग्रजी अक्षरांत असतं. मध्य रेल्वेवर 'के' म्हणजे कल्याण, 'टी' ठाणे, 'एन' कसारा आणि 'एस' कर्जत. हा 'एस' फार फसवतो, कारण वेगाच्या जागी तोच 'एस' आला की त्याचा अर्थ धिमी. गावाच्या जागेवर कोणतं अक्षर आहे आणि वेगाच्या जागेवर कोणतं, ते वेगवेगळं पाहा. पटत नसेल तर शेजारच्याला "ही जलद का? परळला थांबेल?" असं सरळ स्टेशनाचं नाव घेऊन विचारा. मुंबईचा माणूस घाईत असला तरी एवढं नक्की सांगतो.

मध्य रेल्वेची जलद लोकल कल्याणहून निघाली की साधारण डोंबिवली, ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा, सीएसएमटी असे थांबे घेते. काही गाड्या मधली एखाददोन स्टेशनं जास्त घेतात. पश्चिमेची जलद बोरिवलीनंतर अंधेरी, वांद्रे, दादर, मुंबई सेंट्रल, चर्चगेट. सायन, परळ, प्रभादेवी, महालक्ष्मी अशी स्टेशनं हवी असतील तर धिमीच धरा, किंवा जलदने दादरपर्यंत येऊन तिथे बदला.

सीएसएमटीहून निघताना एक चूक वारंवार होते. प्लॅटफॉर्म १ आणि २ हार्बरचे. तिथून सुटणारी गाडी दादरला जातच नाही. दादर, ठाणे, कल्याणकडे जायला ३ ते ७ वर या. लांब पल्ल्याच्या गाड्या ८ पासून पुढे लागतात.

तपासा, चढण्याआधी तीनच गोष्टी: दिशा बरोबर आहे? आपल्या स्टेशनावर थांबते? समोरचा डबा आपला आहे?

तिसऱ्या प्रश्नावर थोडं थांबतो. फर्स्ट क्लासचा डबा बाहेरून फारसा वेगळा दिसत नाही. डब्यावर रोमन एकाचा आकडा आणि प्लॅटफॉर्मवर तिथे रंगीत पट्ट्या असतात. सेकंडच्या तिकिटावर आत सापडलात की भाड्याचा फरक आणि वर दंड. एसी लोकलचं तिकीटही वेगळं असतं आणि बरंच महाग. महिलांच्या डब्यात आईबरोबर बारा वर्षांखालचा मुलगा चालतो, त्याहून मोठा नाही. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटना आणि गरोदर बाईला बसता येतं, फक्त कागद जवळ हवा. ही गोष्ट आपल्याकडून जाणाऱ्या पुष्कळ पेशंटना ठाऊकच नसते आणि ते जनरल डब्यात चेंगरत उभे राहतात.

टप्पा ५: चढणं आणि उतरणं

गाडी थांबते ती अर्ध्या मिनिटाच्या आसपास. दाराच्या मधोमध उभं राहू नका, बाजूला राहून उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या आणि मग चढा. आत शिरलात की थेट मधल्या जागेत जा, लांबचा प्रवास असेल तर सीटांच्या मध्ये. तीन जण बसायच्या बाकावर चौथ्याला थोडी जागा द्यायची पद्धत आहे, "जरा सरका" म्हटलं की मिळते.

उतरायची तयारी दोन स्टेशनं आधी सुरू होते. पुढे सरकत प्रत्येकाला "दादर उतरणार का?" असं विचारायचं. उतरणारा असेल तर त्याच्या मागे उभं राहा, नसेल तर तो स्वतःहून जागा बदलून तुम्हाला पुढे काढतो. न विचारता ढकलत गेलात तर भांडण होतं. प्लॅटफॉर्म डावीकडे येणार की उजवीकडे, हेही त्यालाच विचारा.

स्टेशन चुकलं? काही बिघडलेलं नाही. पुढच्या स्टेशनावर उतरा आणि उलट दिशेची गाडी धरा. चालत्या गाडीतून उडी मारू नका.

सावधान: दारात लोंबकळू नका, गर्दी असली तरी. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि त्यात जीव गेले. रोज प्रवास करणारी माणसं होती ती. दहा मिनिटांनी दुसरी गाडी येते. रूळ ओलांडणं तर नकोच, तो गुन्हा आहे आणि त्याला १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

संध्याकाळी गर्दीची दिशा उलटी होते. पाच ते नऊच्या दरम्यान दादरहून अंधेरी-बोरिवलीला जायचं असेल तर विरार जलदमध्ये चढू नका, विरारचे प्रवासी दार अडवून उभे असतात आणि मधल्या स्टेशनावर उतरणं जड जातं. बोरिवलीचीच गाडी धरा. तसंच ठाण्याला जायचं तर कसारा-कर्जत सोडून ठाण्यापर्यंतचीच लोकल घ्या.

टप्पा ६: दादरला लाईन बदलताना

मध्य आणि पश्चिम रेल्वे इथे पुलाने जोडलेल्या आहेत. डिसेंबर २०२३ पासून प्लॅटफॉर्मचे आकडे सलग केले आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. कोणी "मध्य रेल्वेचा एक नंबर" म्हणालं तर ती जुनी माहिती समजा.

पुलावर उभं राहून फोन काढू नका. पूल चढण्याआधी प्लॅटफॉर्मच्या कडेला थांबा, चिठ्ठी वाचा, आकडा ठरवा आणि मग डावी बाजू धरून चालत राहा. बाहेर पडायचं असेल तर बोर्डावर पूर्व, पश्चिम बघून जिना निवडा, चुकीच्या बाजूला उतरलात तर पुन्हा पूल चढावा लागतो.

कुर्ल्याला मध्य आणि हार्बर भेटतात, अंधेरीला पश्चिम, हार्बर आणि मेट्रो. रीत हीच.

टप्पा ७: स्टेशनापासून दारापर्यंत

रिक्षा पश्चिमेकडे वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेकडे सायनपर्यंतच चालतात. त्याच्या दक्षिणेला, म्हणजे दादर, परळ, भायखळा, सीएसएमटीला, फक्त टॅक्सी. दादरला उतरून रिक्षा शोधत बसू नका. फेब्रुवारी २०२५ पासून मीटरचं किमान भाडं रिक्षाला २६ आणि टॅक्सीला ३१ रुपये आहे. मीटरने येत नसेल तर दुसरा धरा.

बेस्टची बस जवळच्या अंतराला सगळ्यात स्वस्त, साधीचं किमान तिकीट १० आणि एसीचं १२ रुपये. स्टॉपवर फक्त नंबर विचारू नका, बस कोणत्या दिशेला जाते तेही विचारा. समोरच्या फुटपाथवरून तोच नंबर उलटा जातो.

मेट्रो आता आपल्या कामाची झाली आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. सीएसएमटीला उतरून मंत्रालयात जायचं असेल तर तिथून कफ परेडकडे जाणारी मेट्रो धरा: हुतात्मा चौक, चर्चगेट, मग विधान भवन. विमानतळासाठी मध्य रेल्वेने घाटकोपरला उतरा, वर्सोव्याकडे जाणाऱ्या मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ मध्ये बदलून कफ परेडच्या दिशेने पुढचंच स्टेशन टर्मिनल २. टर्मिनल १ त्याच्या थोडं पुढे आहे, विमानाच्या तिकिटावर कोणतं लिहिलं आहे ते आधी बघा. भुयारात फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून मेट्रोचं तिकीट खाली उतरण्याआधी काढा.

सावधान: परीक्षा बऱ्याचदा रविवारी असते आणि लोकलचा मेगाब्लॉकही रविवारीच. साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत काही लाईनींवर गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात. शनिवारी संध्याकाळी ब्लॉक कुठे आहे ते बघा आणि शक्यतो तो सुरू व्हायच्या आत केंद्राजवळ पोहोचा. पावसाळ्यात मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की कुर्ला-सायनच्या भागात रुळांवर पाणी भरतं, तेव्हा निघण्याआधी बातम्या पाहून घ्या.

टप्पा ८: परतीची गाडी

परतीच्या तिकिटावर गाडी नेमकी कुठून सुटते ते सकाळीच वाचा. "कुर्ला" म्हणून लोक कुर्ला लोकल स्टेशनावर उतरतात, पण लोकमान्य टिळक टर्मिनसला हार्बरचं टिळकनगर जास्त जवळ. कुर्ल्याला उतरलात तर रिक्षा करा. वांद्रे टर्मिनसही वांद्रे लोकल स्टेशनापासून वेगळं आहे, सामान कमी असेल तर खार रोडला उतरून तिथल्या पुलाने चालत जाता येतं. दादरहून सुटणाऱ्या गाडीचं दादर मध्य की पश्चिम, तेही बघा.

संध्याकाळची गाडी असेल तर लोकलच्या वेळेत एक तास जास्त धरा. सामान किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर मधल्या स्टेशनावर गाडी धरण्यापेक्षा ती जिथून सुटते तिथे जाऊन चढा. कल्याणला गाडी काही मिनिटंच थांबते, आणि तेवढ्यात डबा शोधत पिशव्या घेऊन धावणं जमत नाही.

गाडी चुकली आणि कसाऱ्यापर्यंत लोकलने जाऊन पुढचं बघू असं ठरवलंत, तर कल्याणनंतर बोर्ड पुन्हा वाचा. कर्जतच्या गाडीत बसलात तर नाशिकच्या रस्त्यापासून दूर जाल. कसाऱ्याच्या लोकलही मोजक्याच आहेत, रात्री उशिरा त्यांच्या भरवशावर राहू नका. त्याऐवजी ठाण्याला जाऊन धुळ्याची किंवा जळगावची रात्रीची बस विचारा. रेल्वेत काही अडचण आली, कोणी त्रास दिला किंवा पेशंटची तब्येत बिघडली तर १३९ नंबर लावा.